पहिल्या हाकेची ओ

गौरेशला कोणी काय करतोस म्हणून विचारलं की 'कंप्युटरवर काम' एवढं सांगून तो मोकळा व्हायचा. गोव्यात, पेडण्याजवळच्या कोरगावात तेवढं पुरतं. पुढचं विचारणारी एकच, त्याची आई सुशीला. तिला त्यानं मागच्या वर्षी, ती अंगणात काजूच्या बिया वाळत घालत असताना, सगळं बैजवार समजावून सांगितलं होतं. सर्व्हर म्हणजे एक घर समज. बाहेरून माणसं येतात, प्रत्येकाच्या हातात पत्ता असतो. दारात उभं राहून, पत्ता बघून, हा अमक्या खोलीत, तो तमक्या खोलीत, असं सांगणारा एक दारवान लागतो. त्याला म्हणतात रूटिंग. मोठमोठे दारवान आयते मिळतात, पण ते नुसते अगडबंब. गौरेशनं आपला स्वतःचा लिहिला होता. तीनशे बारा ओळींची हलकी लायब्ररी, कोणाच्या मदतीवाचून चालणारी.

आईनं मूठभर बिया पसरत विचारलं, "आनी जेची खोलीच ना, असो मनीस इलो तर?"

प्रश्न वर्मावर बसला. अशा वेळी बाकी सगळ्या लायब्रऱ्या 'सापडलं नाही' म्हणून दार लावून घेतात. गौरेशला ते कधीच आवडलं नव्हतं. त्याच्या घरी पंखे विकायला आलेल्या माणसालाही आधी पाणी आणि गुळाचा खडा मिळायचा, मग नकार. म्हणून त्यानं शेवटी एक नियम घातला होता. कुठलीच खोली जुळली नाही, तर आलेल्याला हाकलू नये, एका अक्षराचं उत्तर द्यावं: ओ. लायब्ररीचं नावही त्यानं तेच ठेवलं होतं.

आईचा हात थांबला. "पयल्याच हाकेक?"

"मेशिनाक भियां कसलां गो, आई?"

आई पुन्हा बिया पसरायला लागली. पेडण्यात ही गोष्ट पोराला चालायला शिकवतानाच शिकवतात. भर दुपारी किंवा तिन्हीसांजेला कोणी नावानं हाक मारली, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. माणूस असेल तर तिसरी मारील. दुसरं जे काही असतं ते त्याच दारात तिसरी हाक मारत नाही. गौरेशही लहानपणी तीन हाका मोजूनच ओ द्यायचा. मग तो पणजीला कॉलेजात गेला, बंगळूरला नोकरी करून आला, आणि मोजायचं विसरला.

लायब्ररी त्यानं सगळ्यांसाठी मोफत इंटरनेटवर ठेवली. चारेकशे जणांनी ती उतरवून घेतली. त्यातला एक त्याचा वर्गमित्र निखिल, डिचोलीत छोट्या दुकानांच्या वेबसाइटी करायचा. आणि गौरेशनं स्वतः ती वापरली गावच्या पाण्यासाठी.

खालच्या वाड्यावर अठरा जणांची वायंगणी, म्हणजे उन्हाळी भाताची, शेती. पाटाचं पाणी पाळीनं येतं, आणि पाळीवरून दरवर्षी भांडणं. गौरेशनं एक साधी साइट करून दिली. 'पाळी' लिहून पुढे आपलं नाव घातलं की पाणी कधी येणार ते दिसे. पण गाव कसलं खट! साइट बघायची सगळ्यांनी, आणि पाणी सोडायचं जुन्याच रीतीनं. पाटाचं पाणी सोडणारा शिवदास बांधावर उभा राहून ज्याची पाळी त्याचं नाव हाकारी. तीन हाकांत ओ आली तर पाणी त्याचं, नाहीतर पुढच्याचं. गौरेश चिडला होता. पण शिवदासचं म्हणणं असं की मोबाइलात नाव कोणाचंही दिसतं, ओ मात्र ज्याची त्यालाच द्यावी लागते.

मार्च लागला. बागांतून काजूच्या पिकलेल्या बोंडूंचा आंबूस वास यायला लागला, मोपाच्या विमानतळाकडे उतरणारी विमानं माडांवरून घरघरत जायला लागली. एका सोमवारी दुपारी जेवायच्या आधी गौरेशनं सर्व्हरची नोंद सहज चाळली. आलेली प्रत्येक विनंती तिथं एका ओळीत असते: वेळ, पत्ता, कुठून आली, काय उत्तर गेलं.

बारा बेचाळीस. पत्ता: विमला. कुठून: मोकळं. उत्तर: ओ.

विमला म्हणजे शेजारची विमलाकाकी. तिची शेती नाही, साइटवर तिचं नाव नाही. कोणीतरी चाळा म्हणून टाइप केलं असेल. पण ती मोकळी जागा त्याला खटकली. विनंती कुठून आली ते कळल्याशिवाय उत्तर पाठवताच येत नाही. मग ओ गेली कुठे? नोंद लिहिताना काही चुकलं असेल, असं म्हणून तो जेवायला उठला.

चार वाजता आई कुंपणापाशी उभी राहून विमलाकाकीला हाका मारत होती. तीन मारल्या, चार मारल्या. काकी समोरच सोप्यावर बसून सुपात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. एवढ्यात वाटेवर पाव विकणाऱ्या पदेराचा पोंय पोंय भोंगा वाजला तशी ती लगेच उठली, पाव घेतले, आईला बघून हसली.

"किते गो, कान गेले तुजे?" आईनं विचारलं.

"माजे? पदेराक आयकानच मगे उठलंय?" काकी म्हणाली, आणि ते खरं होतं.

रात्री जेवताना आईनं हे सांगितलं तेव्हा गौरेशची बायको सेजल हसली. सेजल पेडण्याच्या एका शाळेत गणित शिकवायची, तिचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. गौरेशनं दुपारची नोंद सांगितली नाही. सांगण्यासारखं त्यात होतं काय?

गुरुवारी दुसरी ओळ आली: आधी 'पाळी' न लिहिता नुसतंच नाव, म्हणजे खोली नसलेला पत्ता. बारा बेचाळीस. बाबाजी. मोकळं. ओ.

शुक्रवारी सकाळी बाबाजीची पाळी होती. बाबाजी साठीचा, वाड्यावरचा सगळ्यांत खबरदार शेतकरी. पाणी यायच्या तासभर आधी खोरं खांद्यावर टाकून बांधावर हजर असायचा. गौरेश मुलीला, गौरवीला, शाळेच्या बसवर सोडून परतत होता, तेव्हा त्यानं ते डोळ्यांनी बघितलं. शिवदास बांधावरून ओरडला, "बाबाजी!" बाबाजी त्याच्यापासून दहा हातांवर उभा होता. शिवदास पुन्हा ओरडला. तिसऱ्यांदा ओरडला. बाबाजी पाटाच्या तोंडाकडे बघत राहिला आणि पाणी पुढच्याच्या शेतात वळलं.

त्यावरून बांधावर बरीच वादावादी झाली. ती निवळल्यावर गौरेश बाबाजीजवळ जाऊन बसला.

"काका, हाक आयकूंक येना काय तुमका?"

"येता मगे." बाबाजीनं विडी पेटवली. "नाव आयकता. पूण हांव तोंड उगडचे आदीं कोण तरी ओ दिता. म्हणान हांव गप रवता."

"कोण दिता?"

बाबाजीनं काजूच्या बागेकडे हनुवटी केली. "थंय पलयाड. आवाज माजोच. आनी कोणाक आयकूंक येना?"

गौरेश उठून तडक निघाला. तो घरी आला, पंखा लावून खुर्चीत बसला आणि स्वतःची समजूत घालत राहिला. वय झालंय, रक्तदाब असेल, दोघं एकाच वेळी बहिरी होण्यात अशक्य काय आहे? पण विमलाकाकीला भोंगा ऐकू येत होता, आणि बाबाजी त्याच्याशी हळू आवाजात बोलला होता. दोघांचं काहीच गेलं नव्हतं. फक्त नावाला द्यायची ओ गेली होती, आणि ती कुठल्या मिनिटाला गेली ते गौरेशकडे लिहून होतं.

त्याला भीती वाटली ती आता, आणि ती स्वतःची नव्हती. घरात तीन बायका होत्या: आई, सेजल आणि सात वर्षांची गौरवी.

त्या दुपारी त्यानं तो नियम काढला. नुसता काढला असता तर पुरलं असतं, पण हात आपोआप दुसरंच लिहून गेले. ज्या पत्त्याला खोली नाही, त्याला पहिल्या हाकेला नकार. दुसऱ्या हाकेला नकार. तिसरी आली तरच ओ. अकरा ओळी लागल्या. प्रोग्रामर माणूस अशा ओळींची लाज वाटून शंभर कारणं देतो. गौरेशनं एकही दिलं नाही. नवी आवृत्ती त्यानं तिथल्या तिथं प्रसिद्ध केली, ज्यांचे नंबर होते त्यांना संदेश धाडले की आजच्या आज जुनी काढा, नवी घाला. निखिलनं उत्तरादाखल अंगठा पाठवला. बाकीच्यांपैकी बहुतेकांना तो ओळखतही नव्हता, आणि नवी आवृत्ती निघाली म्हणून जुनी कोणाच्या सर्व्हरवरून उठून जात नाही. हे त्याला माहीत होतं. पण हाका येत होत्या त्या त्याच्या दारात, आणि त्याचं दार आता शहाणं झालं होतं.

संध्याकाळी त्यानं आईला सांगितलं.

"आता सुचलां तुका," एवढंच ती म्हणाली. पण रात्रभर तिच्या खोलीतून जपाची कुजबुज येत होती.

शनिवारी तो साडेबारापासून पडद्यासमोर बसला. बारा बेचाळीसला ओळ आली. सुशीला. मोकळं. नकार. बारा त्रेचाळीसला पुन्हा. नकार. मग काही नाही. गौरेश धावतच मागीलदारी गेला. आई केरसुणीनं पडवी झाडत होती.

"सुशीला!" त्यानं जन्मात पहिल्यांदा आईला नावानं हाक मारली.

तिनं मागे वळून बघितलं नाही. त्यानं दुसरी मारली, तिसरी मारली.

"ओ!" आई वळली. "नाव घेवंक लागलो आवयचां! मोजतालंय, मेल्या!"

गौरेश तिथंच पायरीवर बसला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. अकरा ओळी चालल्या होत्या. शनिवारची रात्र तो आठवड्यात पहिल्यांदाच गाढ झोपला.

रविवारी सुट्टी होती. सेजल स्वयंपाकघरात सुंगटांची आमटी करत होती, आई देवळात गेली होती. गौरवी सोप्यावर पालथी पडून चित्र रंगवत होती: घर, माड, वरून विमान. दोन दिवस तिला दर थोड्या वेळानं कोणी ना कोणी हाक मारत होतं, आणि ती वैतागली होती. आजीनं शिकवल्यामुळे तीही तीन मोजायची, म्हणजे प्रत्येक चौकशीला तीन-तीन हाका.

गौरेशनं लॅपटॉप मुद्दाम तिच्याशेजारी आणून ठेवला होता. सर्व्हर बंद करून टाकावा असंही त्याच्या मनात आलं होतं. पण बंद घराच्या दारात कोण येऊन गेलं ते कळत नाही, आणि न कळणं त्याला सोसलं नसतं.

बारा बेचाळीस.

गौरवी. मोकळं. नकार.

ते नाव तिथं लिहिलेलं त्यानं दोनदा वाचलं. ते कधीतरी येणार हे त्याला शुक्रवारपासून ठाऊक होतं. तरी.

बारा त्रेचाळीस. गौरवी. नकार.

तो बघत राहिला. पंखा फिरत होता. कढईत फोडणी चुरचुरली. चव्वेचाळीस झाले, पंचेचाळीस झाले. तिसरी ओळ आली नाही. एक वाजेपर्यंत आली नाही.

"गौरवी," त्यानं हाक मारली. "गौरवी. गौरवी!"

"ओऽऽ, पप्पा!" तिनं रंगाची कांडी आपटली. "कित्याक सारके आपयतात माका?"

"काय ना गो," तो म्हणाला. "उगीच." त्यानं तिच्या केसांवरून हात फिरवला. केस घामानं ओले होते. मग त्यानं लॅपटॉप मिटला आणि सेजलला सांगितलं की भूक लागलीय.

सव्वा वाजता फोन आला. डिचोलीहून निखिल.

"जेवलो?" निखिल म्हणाला. "ऐक, एक गंमत सांगतंय. माज्या त्या बेकरीच्या साइटीर आज एक ओळ इली. असलो पत्तो आमचेकडे नाच. पूण तुजी लायब्ररी ती, तिणे आपली ओ दिली."

गौरेश उभा राहिला. "निखिल, तू नवी घालूंक ना?"

"चलता तें हालवचां न्हय रे. सोमवारी घालतलो आसलंय."

"कितल्याक इली?"

"बारा चव्वेचाळीस. कुठून इली तां दिसना, थंय मोकळां." निखिल हसला, पण हसणं अर्धवट राहिलं. "म्हणान तुका फोन केलो. गौरवी म्हणजे तुजां चेडू मगे?"

गौरेशनं फोन कानापासून खाली घेतला. तिसरी हाक त्याच दारात मारायची नसते. ती मारली गेली होती, बारा कोसांवरच्या दुसऱ्या दारात, आणि तिथं ती पहिली होती.

पण एकला तिनं ओ दिली होती. चव्वेचाळीसनंतर सोळा मिनिटांनी. त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकली होती. तो मनातल्या मनात तेवढंच घट्ट धरून वळला. 'पप्पा' म्हणाली होती. त्याच्याकडे बघून म्हणाली होती.

बघून?

त्यानं आठवायचा प्रयत्न केला. त्याची नजर पडद्यावर होती. कांडी आपटल्याचा आवाज आला होता. वैतागून बोलली होती ती नक्की तीच होती, पण ओ कुठून आली होती?

फोनमध्ये निखिल हॅलो हॅलो करत होता. गौरवी तशीच पालथी पडून आभाळाला निळा रंग देत होती.

"गौरवी," तो म्हणाला.

कांडी चालत राहिली.

"गौरवी."

तीन मोजते ती. आजीनं शिकवलंय.

"गौरवी."

कांडी थांबली. तिनं मान वर केली, पण बापाकडे नाही. खिडकीतून काजूच्या बागेकडे बघत ती ओठ मिटून थांबली, बोलणाऱ्याचं बोलून होईपर्यंत आपण थांबतो तशी.

मग तिनं मान खाली घातली आणि विमानाचा पंख रंगवायला घेतला.

स्वयंपाकघरातून सेजल ओरडली, "ऐकलां? एवढ्या उनात गौरवीक एकटीक बागेत कित्याक धाडलंय रे? थंयसून ओ दिता ती. आपय तिका, जेवण वाढलां."